वसंतात फुलणारी आपली झाडे: नागपूरच्या मातीत लावण्याचा वर्षभराचा क्रम

फाल्गुन लागला की नागपूरहून रामटेककडे, उमरेडकडे किंवा काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला, पडीक जमिनींवर आणि शेतांच्या धुऱ्यांवर पळस फुलतो. त्याच सुमारास काटेसावर, धायटी, गणेर, शिवण ही झाडेही बहरावर येतात. हा बहर पाहून आपल्याही अंगणात यांतले एखादे झाड असावे असे अनेकांना वाटते. परंतु रोपवाटिकेत गेल्यावर हाती लागते ते बहुधा परदेशी झाड, आणि देशी रोप मिळालेच तर त्याचे पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी भेटत नाही. ज्यांनी आजवर एकही झाड बियांपासून वाढवलेले नाही, अशा वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. फाल्गुनात झाडाची ओळख, वैशाख-ज्येष्ठात बी, आषाढात लागवड आणि त्यानंतरचे दोन उन्हाळे राखण, असा हा क्रम आहे आणि तो मोडून चालत नाही.

आधी समजून घ्यायची गोष्ट

नागपूर भागात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यानंतर जमीन हळूहळू कोरडी होत जाते आणि मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. इथली पानगळीची झाडे या कोरडेपणाशी जुळवून घेत आली आहेत. पाने गाळून ती पाण्याचा खर्च थांबवतात आणि नेमक्या त्याच निष्पर्ण अवस्थेत फुलतात, म्हणजे लांबूनही फुले पक्ष्यांच्या आणि कीटकांच्या नजरेस पडतात. शेंगा आणि बोंडे एप्रिल-मेच्या गरम, कोरड्या वाऱ्यात पिकून उकलतात, बी वाऱ्यावर दूर जाते आणि जमिनीवर पडल्यावर थोड्याच दिवसांत त्याला पाऊस मिळतो.

या एका साखळीतून लागवड करणाऱ्याला जवळजवळ सगळे उमगते. बी केव्हा गोळा करायचे आणि केव्हा पेरायचे हे झाडानेच ठरवून ठेवलेले आहे. मोठ्या झाडाला हिवाळ्यात पाण्याचा ताण बसणे हा त्याच्या बहराचा भाग आहे. म्हणून डिसेंबर-जानेवारीत प्रेमापोटी रोज नळी सोडणाऱ्याच्या अंगणातला पळस पाने धरून राहतो आणि फुलायला मागे पडतो. बागेतल्या गुलाबाला लावतो ते नियम इथे लावू नयेत, हे मी प्रत्येक नवख्या माणसाला पहिल्यांदा सांगतो.

पहिली पायरी: फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडे ओळखणे

ज्याचे बी घ्यायचे ते झाड फुलावर असतानाच हेरून ठेवावे, कारण मे महिन्यात सगळी झाडे सारखीच रखरखीत दिसतात. सेमिनरी हिल्स, गोरेवाडा आणि अंबाझरीचा परिसर यासाठी सोयीचा आहे. रामटेकच्या डोंगराच्या बाजूला आणि पेंचच्या वाटेवर तर थांबून थांबून पाहावे इतकी झाडे आहेत.

पळस ओळखायला अवघड नाही, तरीही त्याचे एक फूल हातात घेऊन नीट पाहावे. देठाशी मखमलीसारखा काळपट, किंचित हिरवट झाक असलेला पुष्पकोश असतो आणि त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वळलेली केशरी पाकळी बाहेर येते. पाकळीवर हात फिरवला तर बारीक लव जाणवते. फांदीच्या टोकाला अशी फुले दाटीने येतात आणि त्यांवर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर आणि खारी सकाळपासून तुटून पडलेल्या असतात. क्वचित पिवळ्या फुलांचा पळसही दिसतो. असे झाड दिसल्यास त्याची जागा नोंदवून ठेवावी, मात्र त्याच्या बियांतून पिवळेच फूल येईल असे गृहीत धरू नये.

काटेसावर, जिला आपण नुसते सावरही म्हणतो, ती सरळसोट वाढते, तिच्या फांद्या खोडाभोवती आडव्या मजल्यांसारख्या निघतात आणि कोवळ्या खोडावर जाड शंकूसारखे काटे असतात. लाल, जाड, पाच पाकळ्यांची तिची फुले जमिनीवर पडतात तेव्हा त्यांचा आवाज येतो, आणि जंगलात ती खायला चितळे झाडाखाली जमतात. गणेर, म्हणजे सोनसावर, खडकाळ उतारावरचे लहान, वेडेवाकडे झाड आहे. संपूर्ण निष्पर्ण फांद्यांच्या टोकांवर हाताच्या तळव्याएवढी झळझळीत पिवळी फुले दिसली की ओळख पटते. धायटी हे पुरुषभर उंचीचे झुडूप असून फांदीभर बारीक, नळीसारखी, विटकरी लाल फुले हे तिचे लक्षण आहे. आयुर्वेदातील आसव-अरिष्टे आंबवताना हीच फुले घालतात. शिवणीची फुले पिवळट तपकिरी असतात आणि ती अनेकदा झाडाखाली पडलेल्या सड्यावरूनच लक्षात येतात. मोह मार्चच्या मध्यापासून पुढे फुलतो. त्याची रसाळ फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे गावाकडच्या बाया टोपल्या घेऊन ती वेचतात.

शहरात याच दिवसांत गुलाबी किंवा पिवळ्या फुलांनी लगडलेला टॅबेबुया दिसतो. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला आहे. पुढे उन्हाळ्यात फुलणारा गुलमोहर मादागास्करचा आहे आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. ही झाडे सुंदर आहेत यात शंका नाही, परंतु इथले पक्षी, कीटक आणि माणसे यांचे ज्या झाडांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे ती वेगळी आहेत. लाखेचा किडा पळसावर वाढतो, त्याच्या पानांच्या पत्रावळी होतात, फुलांचा रंग होतो. एवढे सगळे देणारे झाड उपटून त्या जागी दुभाजकावर परदेशी रोपे लावली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सीताअशोक मात्र भारतीय असूनही मी या यादीत धरलेला नाही, कारण तो ओलाव्याच्या, दाट सावलीच्या वनांतला आहे आणि नागपूरच्या उघड्या उन्हात त्याची पाने करपतात.

दुसरी पायरी: आपली माती पाहणे

झाड निवडण्याआधी माती पाहावी. बहुतेक लोक याच्या उलट करतात. नागपूर शहर दोन वेगळ्या भूरचनांच्या सीमेवर वसलेले आहे. पश्चिमेकडे, सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीच्या बाजूला, दख्खनचा काळा बेसॉल्ट खडक आहे, आणि त्यावर कुठे हातभर मुरूम तर सखल भागात खोल काळी माती आहे. पूर्वेकडे जुने, वेगळ्या जातीचे खडक लागतात आणि मातीचा पोतही बदलतो. त्यामुळे एकाच शहरातील दोन वस्त्यांना एकच सल्ला देता येत नाही. शिवाय नव्या लेआऊटमध्ये वरची दोन-तीन फूट माती बहुधा बांधकामाच्या वेळी बाहेरून आणून टाकलेली भर असते, तेव्हा शेजारच्या शेताकडे पाहून अंदाज बांधू नये.

एक सोपी परीक्षा पुरेशी आहे. जिथे झाड लावायचे तिथे सब्बल आणि पावड्याने दोन फूट खोल खड्डा करावा, तो पाण्याने काठोकाठ भरून पूर्ण जिरू द्यावा आणि मग पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दोन-तीन तासांत जिरले तर जमीन निचऱ्याची आहे. रात्रभर पाणी तसेच राहिले तर ती चिकण काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून मुळांचा श्वास कोंडते.

आता निवड करावी. पळस हा सर्वांत सोशीक आहे. काळ्या, पाणी धरणाऱ्या मातीतही तो उभा राहतो आणि बरड मुरमातही वाढतो, म्हणून मातीबद्दल खात्री नसेल तर नवख्याने पळसच घ्यावा. गणेरला खडकाळ, उताराची, भरपूर निचऱ्याची जागा हवी. काळ्या मातीच्या सखल भागात ती लावू नये, कारण तिथे तिची मुळे कुजतात. धायटी मुरमाड उतारावर उत्तम येते. सावरीला आणि शिवणीला खोल, निचऱ्याची माती मानवते. शिवण तर उथळ मुरमात खुरटते. मोहाला वालुकामिश्रित, खोल जमीन आवडते आणि त्याला वेळ फार लागतो, तरीही ज्याच्याकडे शेत आहे त्याने धुऱ्यावर एक तरी मोह लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या सगळ्यांना दिवसभराचे पूर्ण ऊन लागते. इमारतींच्या फटीत यांतले काहीही लावू नये.

जागेचा हिशेबही इथेच करावा. सावर फार मोठी होते, तिचे लाकूड मऊ असते आणि वादळात फांद्या मोडतात, म्हणून घराच्या भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून ती किमान दहा मीटर दूर असावी. पळसाला पाच मीटर पुरतात. शहरात पुढे झाड तोडावेसे वाटले तर १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते, तेव्हा चुकीच्या जागी लावलेले झाड नंतर हलवू असा विचार करणे योग्य नाही.

तिसरी पायरी: बी गोळा करणे आणि पेरणे

बी आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शेतातील झाडाचे, मालकाला विचारून घ्यावे. पेंच, बोर किंवा उमरेड-करांडला यांसारख्या संरक्षित क्षेत्रातून बी, फूल, फांदी काहीही आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे.

पळसाची शेंग मे-जूनमध्ये पिकून फिकट तपकिरी होते. ती चपटी, कागदासारखी हलकी असते आणि तिच्यात एकच बी असते, तेही शेंगेच्या अगदी टोकाला. बाकीचा भाग वाऱ्यावर उडण्यासाठीचा पंख असतो. पंखाचा भाग कात्रीने कापून बी असलेला तुकडा तसाच पेरता येतो, बी सोलून काढण्याची गरज नाही. हे बी जुने झाले की उगवत नाही, म्हणून त्याच पावसाळ्यात वापरावे. पळसाचे सोटमूळ फार लवकर खोल जाते आणि ते दुखावलेले त्याला सहन होत नाही. त्यामुळे शक्य असेल तर बी थेट कायमच्या जागीच पेरावे. मृगाच्या एखाद्या सरीवर विसंबून घाई करू नये. आर्द्रा नक्षत्रात पाऊस स्थिरावला की प्रत्येक जागी चार-पाच बिया, अंगठ्याच्या एका पेराएवढ्या खोल, एकमेकींपासून वीतभर अंतरावर टोचाव्यात आणि पुढच्या वर्षी त्यांतले सर्वांत जोमदार रोप ठेवावे.

सावरीची बोंडे एप्रिल-मेमध्ये उकलतात आणि कापूस उडू लागतो. बोंड तडकण्याच्या बेतात असतानाच काढून कापडी पिशवीत सुकवावे, नाहीतर बी हाती लागत नाही. कापूस वेगळा करताना नाकातोंडावर रुमाल बांधावा. बी रात्रभर पाण्यात भिजवून लगेच पेरावे. मोहाचे बी याहूनही नाजूक असते. पावसाच्या तोंडावर फळ पिकून गळाले की गर काढून काही दिवसांतच ते मातीत गेले पाहिजे. वाळवून डब्यात ठेवलेले मोहाचे बी मेलेले असते.

गणेरचा प्रकार याच्या उलट आहे. तिच्या बियांचे कवच टणक असल्यामुळे नुसते पेरल्यास त्या महिनोन्‌महिने पडून राहतात. बियांची एक बाजू काचपेपरवर हलकेच घासावी, किंवा पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात बिया टाकाव्यात आणि रात्रभर तशाच राहू द्याव्यात. सकाळी ज्या फुगलेल्या असतील त्या पेराव्यात, उरलेल्यांवर तीच क्रिया पुन्हा करावी.

धायटीचे बी धुळीसारखे बारीक असते आणि नवख्यांची फजिती इथेच अधिक होते. पसरट कुंडी किंवा लाकडी खोका घेऊन त्यात चाळलेली माती, बारीक वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात भरावे, पृष्ठभाग पाटीने दाबून सपाट करावा, बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरावे आणि त्यावर माती मुळीच टाकू नये. पाणी वरून ओतले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. म्हणून कुंडीच पाणी भरलेल्या पसरट भांड्यात ठेवून ओलावा खालून वर चढू द्यावा आणि पृष्ठभाग कधीही वाळू देऊ नये. रोपांना चार-सहा पाने आली की चिमट्याने अलगद उचलून ती वेगवेगळ्या पिशव्यांत लावावीत.

पिशव्या वापरायच्याच असतील तर त्या किमान फूटभर उंच असाव्यात आणि रोप त्यांत एका पावसाळ्याहून जास्त ठेवू नये. पिशवीच्या तळाशी मूळ गोल गुंडाळले गेले की ते झाड पुढे कधीच नीट पाय रोवत नाही. रोपवाटिकेतून विकत घेतानाही उंच रोपाचा मोह टाळून, पिशवीबाहेर मूळ न आलेले ठेंगणे रोप निवडावे.

चौथी पायरी: खड्डा आणि लावणी

खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत. मुरमाड जागी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून त्यात निघालेल्या मुरमाबरोबर गाळाची माती आणि एक घमेले कुजलेले शेणखत मिसळावे. वाळवीचा त्रास असेल तर मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड घालावी. अर्धवट कुजलेले शेणखत मात्र वाळवीला आमंत्रण देते.

काळ्या मातीत वेगळे वागावे. तिथे खड्ड्यात बाहेरची भुसभुशीत माती भरली की आजूबाजूची चिकण माती पाणी जाऊ देत नाही आणि सगळा पाऊस त्या खड्ड्यात साचतो. म्हणून खड्डा लहान ठेवावा, तीच माती परत भरावी, रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लावावे आणि पाणी वाहून जाण्यासाठी एका बाजूने चर काढावा.

लावणी जुलैत, ढगाळ दिवशी, संध्याकाळी करावी. पिशवी ओढून न काढता ब्लेडने कापावी आणि रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे.

पाचवी पायरी: दोन उन्हाळ्यांची राखण

इथपर्यंतची कामे उत्साहात होतात. रोपे दगावतात ती पुढच्या मार्च ते जून या काळात. दिवाळीनंतर रोपाभोवती आळे करून त्यात वाळलेल्या पाल्याचा चार बोटे जाड थर द्यावा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून एकदा दहा-पंधरा लिटर पाणी सावकाश द्यावे. रोज तांब्याभर पाणी दिल्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि एक दिवस खाडा झाला की रोप कोमेजते. रोपापासून हातभर अंतरावर बुडाला बारीक छिद्र पाडलेले मडके पुरून ते भरत राहणे हा शेतावर सर्वांत सोयीचा उपाय आहे. पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा उभा केला तर दुपारचे ऊन थेट कोवळ्या खोडावर येत नाही. शेळ्यांपासून सावरीला आणि शिवणीला काटेरी कुंपण करावेच लागते. पळसाला जनावरे फारसे तोंड लावत नाहीत.

पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत लहान रोपाचा शेंडा वाळून जमिनीपर्यंत काडी होणे ही या झाडांच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे. काडी वाळली तरी मूळ अनेकदा जिवंत असते आणि पहिल्या पावसानंतर बुडातून नवा फुटवा येतो. म्हणून रोप मेले असे समजून उपटू नये. बुडाशी नखाने साल खरवडून पाहावी, आत हिरवे दिसले तर पाणी चालू ठेवावे, आणि काही दिसले नाही तरी जुलै संपेपर्यंत जागा रिकामी करू नये. मुळांची बैठक पक्की झाल्यावरच ही झाडे उंची धरतात, तोवर वरची वाढ पाहून अस्वस्थ होण्याचे कारण नाही.

तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद करावे. रासायनिक खत तर कधीच देऊ नये. बुंध्याभोवती सिमेंट किंवा फरशी बसवू देऊ नये. किमान एक मीटर माती उघडी राहिली पाहिजे.

जागा कमी असेल तर

गच्चीवर किंवा लहान अंगणात पळस-सावरीचा नाद करू नये. धायटी दीड फुटी कुंडीत येते. अडुळसा फांदीपासून सहज लागतो, हिवाळ्यापासून वसंतापर्यंत त्याला पांढरी फुले येतात आणि तो जनावरे खात नाहीत. कुंपणासाठी करवंद लावावे, म्हणजे वसंतात सुगंधी पांढरी फुले आणि उन्हाळ्याच्या अखेरीस फळे मिळतात. भक्कम मांडव असेल तर माधवीलता चढवता येते. तिला मधुमालती समजून कोणी दुसरीच वेल देत नाही ना, हे घेताना पाहावे.

फुले आल्यावर

धायटीला लवकर, दोन-तीन वर्षांत फुले येतात. पळसाला आणि सावरीला त्याहून बरीच अधिक वर्षे लागतात आणि मोहाला दहाच्या आसपास. धायटीचा बहर ओसरला की एप्रिलमध्ये तिच्या फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात, कारण पुढच्या वर्षीची फुले पावसाळ्यात फुटणाऱ्या नव्या फांद्यांवर येतात. पळसाची छाटणी करू नये, फक्त वाळलेले लाकूड काढावे. रंगासाठी फुले झाडावरून तोडू नयेत. सकाळी झाडाखाली पडलेली वेचून सावलीत सुकवावीत, रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी उकळावीत. चिमूटभर चुना टाकला की पिवळसर पाणी गडद केशरी होते. झाडावर राहिलेल्या फुलांच्या शेंगा मेमध्ये तयार होतील आणि शेजाऱ्याने मागितल्यास त्याला देण्यासाठी त्याच वर्षीचे ताजे बी आपल्या घरचे असेल.